अकरा रेघा

टेप तुटला अठरा इंचांपाशी.
वीस वर्षं उमदीच्या बायकांच्या छात्या, पाठी, मुंडे मोजून
पुढचे आकडे पुसट झालेले,
पण पहिल्या वीतभरातली रेघ न् रेघ शाबूत,
कारण शून्याजवळची मापं कुणाचीच नसतात.
तेवढा तुकडा रेवणनं मागून घेतला.

सहा वर्षांचं पोर.
त्याला आभाळ मोजायचं होतं.

बारशातनं आणलेली थंड्याची मोठी बाटली,
जुन्या कात्रीनं तिचा गळा उतरवला
(कापडाची कात्री मी कुणाला देत नाही),
उलटा करून तिच्यातच बसवला.
बूड खडबडीत, म्हणून दोन बोटं सिमेंट ओतलं,
बाहेरून टेप चिकटवला, शून्य बरोबर सिमेंटच्या काठाला.
न्हाणीच्या पत्र्यावर, दोन विटांच्या मधे
तिची स्थापना झाली.

शेजारची गौरव्वा वाऱ्याच्या खात्याला:
रिकामं रीळ, दाभण, पुठ्ठ्याचा बाण.
"टोक सांगतं वारा कुठनं आला," मी म्हटलं,
"शेपूट सांगतं कुठं चालला."
ढगाच्या खात्याला भाताचं पातेलं.
झाकण उचललं की आतल्या बाजूला थेंब,
एकाला एक चिकटत जड होणारे,
आणि मग टप्‌.
"म्हंजे आभाळ शिजतंय व्हय?"
मी हो म्हटलं.
चुकलं असेल तर शाळा आहे दुरुस्त करायला.

जुलै.
वहीत रोज सकाळी आठला एक शून्य.
रेवणला शून्य फार सुबक यायला लागलं.
बाईंनी विचारलं, एवढं गोल कुठं शिकलास,
तर म्हणाला, पावसाकडं.

तेविसाव्या शून्यानंतर
बाटलीत अकरा रेघा पाणी.

रात्री दोनपर्यंत मी मशिनीवर होते.
पत्रा वाजला नव्हता.
दोरीवरचं धुणं वाळून कडक,
विटांवरची धूळ जागची हललेली नाही,
आणि न्हाणीच्या भिंतीशी पालथी बादली,
तिच्या बुडावर दोन ओली पावलं.

"किती लिहू?"
"अकरा," तो म्हणाला. मग, "न्हाई. शून्य."
मग अंगठ्यानं माती उकरत बराच वेळ.
"तू रोज वही बघतीस अन् तोंड पाडतीस."

मला वाटायचं, माझं तोंड कोण बघतंय.

पाणी ओतून दिलं नाही.
शून्य लिहिलं, आणि शेजारी नवा रकाना आखला:
रेवणचं पाणी.
नरसाळं काढून ठेवलं.
अकरा. दुसऱ्या दिवशी आठ.
गौरव्वानं चिमण्यांवर आळ घेतला,
म्हणून वर जाळीदार कापड बांधलं, अस्तराचं उरलेलं.
तरी पाच. एक बुडालेली मुंगी धरून.

"प्यालं कोण?"
"कुणी न्हाई. वर गेलं."
"जाताना दिसलं न्हाई."
"धुण्यातलं जाताना दिसतंय का?"
"पातेल्यातलं दिसतंय की."
"त्येला घाई असती."

पाचव्या दिवशी नुसतं सिमेंट.

त्या दुपारी पश्चिमेकडनं एक ढग आला,
एकटाच,
माडग्याळी मेंढीसारखं फुगीर नाक पुढं काढून.
"आई, ह्येच्यात आपलं हाय!"
"हाय की. अकरा रेघा."
आम्ही तिघं माना वर करून.
गौरव्वानं पळत जाऊन बाण बघितला.
शेपूट विजापूरकडं.

कुणी काही बोललं नाही.
मग रेवणनं विचारलं,
"तिकडं कुणी बाटली ठेवली आसंल का?"

मला पाच वाजता एक ब्लाऊज द्यायचा होता,
हुकं राहिली होती.
तरी उभी राहिले,
ढग शाळेच्या टाकीमागं जाईपर्यंत.